अपघातानंतरचे अर्धे मिनिट

हातून एखादी वस्तू पडून फुटली, तर मनुष्य प्रथम कोठे पाहतो? फुटलेल्या वस्तूकडे नव्हे. आपल्याला कोणी पाहिले काय, हे तो पाहतो. वाचकांना हे विधान कठोर वाटेल. परंतु ते आम्ही स्वतःच्या अनुभवावरून केले आहे, आणि तो अनुभव आम्ही पुढे सांगणारच आहोत. तत्पूर्वी दुसऱ्या एका गिटारची गोष्ट.

लंडनच्या वायव्येस हॅरो नावाचे उपनगर आहे. तेथील 'रेल्वे टॅव्हर्न' या पानगृहात सप्टेंबर १९६४ मध्ये एका तरुण वाद्यवृंदाचा कार्यक्रम चालला होता. 'द हू' या नावाने हा वाद्यवृंद पुढे जगभर गाजला. त्यातील गिटारवादक पीट टाउनशेंड तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. वाजविण्याच्या भरात त्यांनी आपली रिकनबॅकर इलेक्ट्रिक गिटार वर उचलली. छत ठेंगणे होते. गिटारचा माथा छताला थडकला आणि मोडला. तो निव्वळ अपघात होता. पण श्रोत्यांतून काहीजण फिदीफिदी हसले. टाउनशेंड यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे की, ते हसणे त्यांना सोसवले नाही. झाले ते आपण मुद्दामच केले, असा आव आणून त्यांनी उरलेली गिटारही आपटून तिचे तुकडे केले. मग दुसरी उचलली आणि जणू काही विशेष घडलेच नाही अशा थाटात कार्यक्रम पुढे चालू ठेवला. त्यानंतर लोक गिटार फुटताना पाहण्यासाठीच येऊ लागले आणि पुढे कित्येक वर्षे एकामागून एक गिटारी फुटत राहिल्या.

या कृत्याला तत्त्वज्ञानही सापडले. टाउनशेंड ईलिंगच्या कलामहाविद्यालयात शिकत असताना तेथे गुस्टाव्ह मेट्झगर यांची व्याख्याने त्यांनी ऐकली होती. मेट्झगर हे न्युरेम्बर्ग येथे जन्मलेले ज्यू कलावंत. नाझींच्या संहारात त्यांचे कुटुंबीय बळी पडले. स्वतःच स्वतःचा नाश करणारी कलाकृती हा त्यांचा विचार, आणि अण्वस्त्रांच्या युगाचा निषेध हा त्यामागील हेतू. एवढा गंभीर विचार ठेंगण्या छताच्या साहाय्यास धावून आला! टाउनशेंड यांना तो विचार मनापासून पटला नव्हता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या रात्री आधी गिटार मोडली, मग लोक हसले, आणि विचार त्यानंतर आला, हा क्रम विसरता कामा नये.

सेमिनरीत असताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा तिसरा भाग आम्ही घोकला होता. अजाणतेपणी घडलेली कृती ऐच्छिक नसते, हे कोणालाही पटेल. पण तो तत्त्वज्ञ एक पाऊल पुढे जातो. अशी कृती 'मनाविरुद्ध' घडली असे केव्हा म्हणावे? तर नंतर तिचे दुःख झाले तरच. दुःख झालेच नाही, तर ती ऐच्छिक नव्हती एवढेच म्हणता येईल; मनाविरुद्ध होती असे म्हणता येणार नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही इच्छाशक्तीचा विचार करताना अशा मनुष्याचे उदाहरण घेतले आहे, की ज्याला आधी कळले असते तरी त्याने तेच केले असते. विशीतल्या आम्हांला हा शब्दच्छल वाटे. मागाहून येणारे दुःख आधी घडून गेलेल्या गोष्टीचे स्वरूप कसे बदलणार? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आम्हांला पन्नाशी गाठावी लागली.

तीन वर्षांपूर्वीची, नाताळच्या आधीच्या शनिवारची गोष्ट. मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी गायकवृंदाचा सराव चालला होता. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण कारखान्यात रात्रपाळी करून जमविलेल्या पैशांनी घेतलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला होता. तीही आमच्याच सांगण्यावरून. ती लाल गिटार त्याने खुर्चीला टेकवून ठेवली होती. आम्ही घाईने वेदीकडे निघालो, झग्याचा घोळ वायरीत अडकला आणि गिटार पाठीवर आपटली. काडकन आवाज झाला. जेथे मान संपून माथा सुरू होतो, नेमकी तेथेच ती चिरली.

अशा घडणीची गिटार तेथेच मोडते, असे आम्हांला पुढे कळले. गिब्सन कंपनीच्या 'लेस पॉल' गिटारीच्या मूळ नमुन्यात माथा मानेपासून सुमारे १७ अंश मागे कललेला असतो, आणि या मुलाची गिटार त्याच नमुन्याची नक्कल होती. मान व माथा लाकडाच्या एकाच तुकड्यातून कोरल्याने त्या वळणावर लाकडाचे तंतू तुटलेले असतात. मानेतील सळई आवळण्यासाठी पोकळीही तेथेच खोदलेली असते. शिवाय सहा तारांचा मिळून चाळीस किलोंहून अधिक ओढा अहोरात्र चालू असतो. एवढी माहिती आम्ही का मिळविली, हेही सांगून टाकतो. दोष लाकडाचा होता, असे आम्हांला स्वतःला पटवायचे होते.

आवाजाबरोबर गायकवृंदातील एक लहान मुलगी हसली. भेदरून हसली असावी. आम्ही मात्र त्या तरुणाकडे वळून म्हणालो, "वेदीजवळ असली वाद्ये आणायची नाहीत, म्हणून किती वेळा सांगितलं?"

आम्ही एकदाही सांगितले नव्हते. तो काही बोलला नाही. खाली बसून त्याने तारा सैल केल्या.

खरी नामुष्की पुढेच आहे. एकदा बोललेले खरे करून दाखविणे भाग होते. म्हणून दुसऱ्याच दिवशी मिस्सेत आम्ही सूचना वाचली की, यापुढे उपासनेत विजेवर चालणारी वाद्ये वाजविली जाणार नाहीत. आधाराला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६३ चा उपासनाविषयक दस्तऐवज घेतला. त्यात पाइप ऑर्गनचा गौरव आहे, हे आम्ही सांगितले. पवित्र कार्यास योग्य अशी इतर वाद्येही वापरता येतील, हे त्याच परिच्छेदात आहे, ते वगळले. टाउनशेंड यांना मेट्झगर सापडले, आम्हांला धर्मपरिषद सापडली.

प्रायश्चित्तकाळात एका वृद्ध धर्मगुरूंपाशी आम्ही पापनिवेदनास गेलो. गिटार मोडल्याचे सविस्तर सांगितले. ते म्हणाले, "हे पाप नव्हे. पुढे सांगा." एवढेच. आणि पुढचे सांगताना आम्हांला शब्द सापडेनात.

परतल्यावर आम्ही जुन्या करारातील भरपाईचे नियम काढून पाहिले. 'निर्गम' पुस्तकानुसार उसने आणलेले जनावर मालकाच्या समक्ष दगावले, तर भरपाई द्यावी लागत नाही. गिटारचा मालक समोरच उभा होता. म्हणजे अपघातापुरते आम्ही जवळजवळ मोकळे होतो. 'लेवीय' पुस्तकात मात्र शेजाऱ्याशी खोटेपणा करून त्याचे नुकसान करणाऱ्याला संपूर्ण भरपाई, आणि वर एक पंचमांश, असा दंड आहे. जे चुकून मोडते त्यापेक्षा जे झाकण्यासाठी मोडले जाते ते महाग पडते, हे त्या प्राचीन नियमकारांना ठाऊक होते.

आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. गिटार त्याने मुंबईतील एका कारागिराकडून जोडून आणली होती. नीट डिंक भरून, शिकंज्यात आवळून जोडलेला असा सांधा मूळ लाकडाइतकाच टिकतो म्हणतात. चीर तेवढी दिसत राहते. दुरुस्तीचे तीन हजार रुपये लागले होते. "फादर, पैसे राहू द्या, चुकून झालं ते," तो म्हणाला. हे म्हणण्याचा अधिकार त्याचा होता, आणि त्या शनिवारी आम्ही ते त्याला म्हणूच दिले नव्हते.

त्याच्या हाती आम्ही पाकीट ठेवले. त्याने नोटा मोजल्या. "फादर, सहाशे जास्त आहेत."

"ते गिटारचे नव्हेत," आम्ही म्हणालो. "तू आधी न आणण्याविषयी बजावले होते, असे आम्ही खोटे बोललो, त्याचे आहेत."

त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि मग आईला चहा टाकायला सांगितले.

पुढच्या रविवारी मिस्सेत आम्ही नाताळपूर्वीची सूचना मागे घेतली आणि ती का काढली होती तेही सांगितले. मागल्या बाकांवरून कोणीतरी हसले. आम्ही थोडे थांबलो आणि पुढची सूचना वाचली.