वॉल्डनच्या काठावरची गर्दी

ज्या ग्रंथाने एकांताची महती सांगितली, त्याच ग्रंथापायी एखाद्या जागेचा एकांत संपुष्टात यावा, हा वरवर पाहता दैवाचा उपरोधच वाटेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनपासून सुमारे तीस किलोमीटरांवर काँकर्ड हे गाव आहे. त्या गावाबाहेरच्या वॉल्डन तळ्याच्या काठी हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी राहावयास गेला, ६ सप्टेंबर १८४७ रोजी तेथून परतला आणि १८५४ मध्ये ‘वॉल्डन’ हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज त्या तळ्यावर दरवर्षी लाखो माणसे लोटतात. उन्हाळ्यात वाहनतळ भरला की येणाऱ्यांना फाटकावरूनच परतावे लागते. ग्रंथ वाचून, मनात एक निःशब्द जलाशय घेऊन गेलेला वाचक तेथील टॉवेल, छत्र्या आणि मुलांचा कल्लोळ पाहून खट्टू होतो. त्याच्या या खट्टू होण्यात मला एक नैतिक प्रश्न दिसतो. ग्रंथ वाचल्यामुळे त्या जागेवर आपला इतरांहून अधिक हक्क निर्माण होतो काय?

मराठी वाचक वॉल्डनला पोहोचला तो बहुधा दुर्गाबाई भागवतांच्या ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या अनुवादाच्या वाटेने. प्रवास न करता झालेली ही भेट कमी प्रतीची होती, असे म्हणवत नाही. थोरोने त्या झोपडीत भगवद्गीता वाचली. तळ्यातून कापून नेलेला बर्फ हिंदुस्थानात पोहोचेल आणि वॉल्डनचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळेल, अशी कल्पनाही त्याने केली. पण गंगा त्याने कधी पाहिली नाही. (त्या काळी न्यू इंग्लंडमधला बर्फ जहाजांतून कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे खरोखरीच येत असे, म्हणून ही कल्पना अगदीच निराधार नव्हती.) दूरची जागा ग्रंथातून आपलीशी करण्याचा अधिकार त्याने स्वतः बजावला होता. आपण त्याच्याबाबतीत तेच करतो.

अडचण निर्माण होते ती प्रत्यक्ष गेल्यावर, कारण मनातले तळे आणि समोरचे तळे यांची गाठ तेव्हा पडते. वस्तुतः थोरोच्या काळीही ते निर्मनुष्य नव्हते. १८४४ मध्ये फिचबर्ग लोहमार्ग तळ्याच्या एका टोकाला खेटून गेला. १८४६–४७ च्या हिवाळ्यात बर्फ कापणारे मजूर तळ्यावर उतरले. भोवतालचे बरेच रान तुटलेले होते. झोपडीखालची जमीन इमर्सनच्या मालकीची होती आणि गाव दीड मैलावर होते. गावात दुरुस्तीस दिलेला जोडा आणावयास निघालेल्या थोरोला जुलै १८४६ मध्ये डोईपट्टी न भरल्याबद्दल पकडून एक रात्र तुरुंगात ठेवण्यात आले. हा प्रसंगही वॉल्डनच्या त्याच मुक्कामातला. त्याने आपल्या पाहुण्यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. दुसऱ्या एका प्रकरणात त्याच रानात पूर्वी राहिलेल्या केटो, झिल्फा, ब्रिस्टर या एकेकाळच्या गुलामांची आठवण जागवली. एकांताचा हा ग्रंथ माणसांनी असा भरलेला आहे. तो वाचून ज्यांना माणसेच नकोशी होतात, त्यांनी त्यातली निम्मी पाने गाळून वाचली असली पाहिजेत.

शिवाय तळे कोणासाठी आहे, हे कागदोपत्री ठरलेले आहे. १९२२ मध्ये इमर्सन, फोर्ब्स, होर आणि हेवुड या कुटुंबांनी काठची सुमारे ऐंशी एकर जमीन राज्याला दिली. त्या दानपत्रात इमर्सन आणि थोरो यांचे वॉल्डन जतन करण्याची अट आहे, आणि लोकांनी तेथे पोहावे, नाव वल्हवावी, मासे धरावेत, वनभोजन करावे, अशी मुभाही आहे. दोन्ही इच्छा एकाच वाक्यात नांदतात. त्यांचा झगडा पुढे झाला. १९५७ मध्ये स्नानाचा काठ वाढवण्यासाठी अधिकाऱ्यांनी झाडे तोडली, तेव्हा थोरोप्रेमी न्यायालयात गेले आणि १९६० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. हा निकाल मला योग्य वाटतो; परंतु त्यातून पोहणाऱ्याला हुसकण्याचा परवाना वाचकाला मिळाला, असे मात्र नव्हे. थोरो स्वतः पहाटे उठून त्या तळ्यात उतरत असे आणि त्या स्नानाला तो धर्मकृत्य मानी. ज्याने त्याचे एक अक्षर वाचलेले नाही, असा पाण्यात डुंबणारा पोरगा थोरोच्या दिनक्रमाच्या अधिक जवळ आहे की काठावर ग्रंथ उघडून कपाळाला आठ्या घालणारे आपण, याचा निर्णय सोपा नाही.

तरीही गर्दीचे समर्थन करून येथे थांबता येत नाही. वॉल्डन हे हिमनदीच्या मागे राहिलेल्या बर्फाच्या लादीमुळे पडलेल्या खळग्यातले तळे. त्याला ओढा मिळत नाही, त्यातून ओढा निघत नाही. भूजलावरच त्याची भिस्त. त्यामुळे आत गेलेले द्रव्य सहजी बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात तळ्यात येणाऱ्या फॉस्फरसाचा निम्म्याहून अधिक वाटा पोहणाऱ्यांच्या मूत्रातून येतो, असा अंदाज २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. तळाच्या गाळाचा अभ्यास करून २०१८ मध्ये संशोधकांनी इशारा दिला की, हवामान तापत गेले तर शेवाळ माजून पाण्याची नितळता जाईल. वाचकही निर्दोष नाहीत. त्यांच्या पावलांनी काठाची माती झिजते, म्हणून पायवाटांना तारेचे कुंपण घालावे लागले आहे. म्हणजे ज्या पाण्याच्या स्वच्छतेने थोरोला पानेच्या पाने लिहावयास लावले, ते पाणी त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या येण्यानेही शिणते.

मग वाचकाकडे वेगळे असे काय उरते? मला वाटते, उरते ते मोजण्याचे कर्तव्य. वॉल्डनला तळच नाही, असे गावात म्हणत. दोरी सोडून पाहण्याची तसदी न घेता लोक ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिले, याचे थोरोला हसू आले. १८४६ च्या आरंभी होकायंत्र, साखळी आणि वजन बांधलेली दोरी घेऊन त्याने तळ्याची मोजणी केली. सर्वांत खोल जागा १०२ फूट निघाली. पुढच्या मोजण्यांनी त्याला जवळपास दुजोरा दिला. पुढे काँकर्ड परिसरातली फुले कोणत्या दिवशी उमलतात याच्या याद्या तो वर्षानुवर्षे करीत राहिला. त्याच याद्या हाती घेऊन बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक यांनी एकविसाव्या शतकात दाखवून दिले की, ती फुले आता सरासरी आठवडाभर आधी उमलतात आणि थोरोने नोंदलेल्यांपैकी अनेक जाती तेथून नाहीशा झाल्या आहेत. झोपडीच्या जागेजवळ १८७२ पासून भाविक दगड वाहत आले आहेत; त्या ढिगापेक्षा प्रायमॅक यांचे वाचन मला थोरोला अधिक मानवणारे वाटते.

व्यवहारात काय करावे, हे मग फार अवघड राहत नाही. फाटकावर कोणाच्या वाचनाची परीक्षा घेता येत नाही, घेऊही नये. पाण्याला सोसेल तेवढीच माणसे एका वेळी आत सोडावीत, आणि त्या रांगेत वाचकाने कुरकुर न करता पोहणाऱ्याच्या मागे उभे राहावे. ज्याला एकांतच हवा त्याने जानेवारीत जावे. तेव्हा वाहनतळ बहुतेक रिकामा असतो, तळे गोठलेले असते. थोरोने खोली मोजली तीही बर्फाला भोके पाडूनच.