नेम तोच, जागा नवी



काशीला जाऊन आलेला माणूस सांगतो, “घाट पाहिले.” पण त्यानं पाहिलेले असतात ते एका ऋतूतले घाट. ज्येष्ठात गंगा आक्रसते, खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, पैलतीरी वाळूचं मैदान पसरतं. श्रावण-भाद्रपदात तीच गंगा एकेक पायरी गिळत वर चढते. धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, १९७८च्या पुरात पाणी ७३.९० मीटरवर गेलं होतं. अशा दिवसांत दशाश्वमेध घाटावरची आरती गच्चीवर होते, मणिकर्णिका घाटावरच्या चिता वरच्या मजल्यावर पेटतात. जागा बदलते, नेम मोडत नाही.

पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे थर उरतात. पंपानं पाण्याचे फवारे मारून तो गाळ हटवतात. मग कार्तिकात पंचगंगा घाटावर उंच बांबूंना टांगलेल्या टोपल्यांतून आकाशदिवे चढतात आणि पौर्णिमेला देवदिवाळीच्या पणत्या त्याच धुतलेल्या पायऱ्यांवर उजळतात. पौषात दाट धुकं, नावेभोवती घिरट्या घालणारे पाहुणे कुरव पक्षी.

अहिल्याबाई होळकर, शिंदे, भोसले यांच्या नावांचे घाट असे पूर झेलत इथे आजही नांदते आहेत. शिंदे घाटालगतचं रत्नेश्वर मंदिर तर चक्क कललेलं आहे. त्याचा गाभारा वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली असतो, तरी ते टिकून आहे.

आपल्याही घरात कधी पूर येतो. आजारपणाचा, कर्जाचा, दुःखाचा. अशा वेळी चांगला नेम सोडू नका. दोन पायऱ्या वर सरका, आणि पाणी ओसरताच गाळ काढायला लागा.