संगिनीवर न कोरलेले नाव

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव भैरवनाथाच्या देवस्थानामुळे परिचित आहे. त्या बाजूस काही कामानिमित्त गेलो असता आम्ही तेथील एका निवृत्त गुरुजींच्या घरी थांबलो. जुन्या शस्त्रांचा आम्हांला थोडा नाद आहे, हे गुरुजींना ठाऊक होते. चहा झाल्यावर त्यांनी फडताळातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून आमच्यापुढे ठेवली. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत शिपाई होते. आफ्रिकेतून परतताना त्यांनी ती आणली होती. ती एक संगीन होती.

आम्ही ती दारातल्या उजेडात नेली. सुमारे ३० सेंटिमीटरचे एकधारी पाते, रिवेटांनी पक्की केलेली लाकडी मूठ, आडव्या पट्टीला बंदुकीच्या नळीवर बसणारे कडे. १८९१ च्या कार्कानो रायफलीची ही इटालियन संगीन, असे आम्ही निदान केले आणि मग बोलतच सुटलो. तिच्याआधीच्या १८७० च्या व्हेटर्ली रायफलीची संगीन तलवारीसारखी लांब, ५० सेंटिमीटरहून अधिक पात्याची. पुढे त्यांतील अनेक कापून आखूड केल्या गेल्या. घोडदळाच्या कार्बाइनची संगीन घडीची, बंदुकीलाच कायम जोडलेली. पहिल्या महायुद्धातील टंचाईत काहींना पितळी मुठी आल्या. टेर्नी व ब्रेशा येथील कारखान्यांचे शिक्के, पट्टीवरील क्रमांक, म्यान चामड्याचे की पोलादाचे, यांवरून जाणकार पुष्कळ काही सांगू शकतात. अर्धा तास आमचे हे व्याख्यान चालले.

गुरुजींच्या नव्वदी ओलांडलेल्या मातोश्री उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “फादर, एवढं समदं वाचलंत, तर ही कुणाच्या पोटात गेली असंल, ते बी लिवलंय का तिच्यावर?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्हांला लाज वाटली, हे येथे कबूल केले पाहिजे. अर्धा तास आम्ही एका हत्याराविषयी बोलत होतो आणि त्यात माणूस एकदाही आला नव्हता.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. अशी वस्तू जपणे योग्य की अयोग्य? एक सोपे उत्तर असे की, लोखंड निर्दोष आहे. पाप माणसाच्या इच्छेत असते. सेमिनरीत आम्हीही हेच शिकलो आणि ते खोटे नाही. परंतु विळा आणि संगीन यांत फरक आहेच. विळ्याने कोणी गळा कापला, तरी तो गवतासाठी घडविलेला असतो. संगिनीने शिपायांनी डबे फोडले असतील, माती उकरली असेल. पण ती घडविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणसाचा देहच होता. दुसरे सोपे उत्तर असे की, ती भट्टीत वितळवावी. यशया संदेष्ट्याने तलवारींचे फाळ झालेले पाहिले. पण योएल संदेष्ट्याने फाळांच्या तलवारी करण्याची हाकही ऐकविली आहे. धातू दोन्हींकडे वळतो. शिवाय पुरावा वितळवला म्हणजे घडलेले पुसले जात नाही. केवळ आपण विसरण्यास मोकळे होतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी जाणून घेण्याच्या इच्छेचे दोन प्रकार मानले. एक अभ्यासवृत्ती, जी सद्गुण आहे. दुसरे नुसते कुतूहल, जो दोष आहे. दोन्हींत माहिती तीच असू शकते. ती माहिती मनाला कोठे नेते, यावर सारे अवलंबून असते. शिक्का आणि क्रमांक यांपाशी थांबलेले आमचे ज्ञान त्या दिवशी कुतूहलच होते.

खुद्द रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात एका भाल्याचा अवशेष जतन केलेला आहे. १४९२ साली तुर्की सुलतान दुसरा बायझिद याने तो पोप आठवे इनोसंट यांजकडे पाठविला. क्रूसावरील प्रभूच्या कुशीत शिरलेला हाच तो भाला, अशी श्रद्धा आहे. असाच एक व्हिएन्नात आहे, एक आर्मेनियात. खरा कोणता, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. तथापि भाविक तो कोणत्या कारखान्यात घडला हे पाहण्यास जात नाहीत. त्यांना जखम आठवते, आणि जखमी कोण हे आठवते. शस्त्र जपण्याचे योग्य कारण आम्हांला येथे सापडते.

गुरुजींचे वडील ज्या पलटणींतील होते, त्या मराठा पलटणी १९४१ साली एरिट्रियातील केरेन येथे इटालियन सैन्याशी लढल्या. पुढे त्याच मराठा शिपायांनी जर्मनांविरुद्ध इटलीची भूमी लढविली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात बावीस वर्षांचे नाईक यशवंत घाडगे आपले सर्व साथीदार पडल्यावर एकटेच मशिनगनवर धावून गेले. गोळ्या बदलण्यास अवधी नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून त्यांनी शेवटच्या दोघांना ठार केले आणि नंतर स्वतः गोळीला बळी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी आधी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेले, मग शत्रूची ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, घ्यावेच. पण त्या शेवटच्या दोघांची नावे? त्यांच्याही आया कोठे तरी उंबऱ्याशी बसल्या असतील.

२०२३ साली इटलीतील मोंतोने या गावाने घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, असा त्यावरील बोधवाक्याचा आशय आहे. रायगड जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरचा मुलगा इटलीतल्या गावाला आपला वाटला. त्याच रणात पडलेली शत्रूची मुलेही त्याच सूर्याखाली होती, हे मान्य करणे अधिक कठीण आहे. ख्रिस्ताने शत्रूवर प्रीती करावयास सांगितले, तेव्हा त्याला हे कठीण काम ठाऊक होते.

निघताना गुरुजींनी विचारले, संगिनीसोबत चिठ्ठी ठेवावी म्हणतो, काय लिहू? आम्ही सांगितले, कारखाना व साल लिहा. वडिलांचे नाव लिहा. आणि खाली लिहा की, ही कोणाच्या हाती होती व कोणाला लागली, हे ठाऊक नाही. त्यांनी मातोश्रींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “तेवढं मोठ्या अक्षरात लिव्ह.”

आपल्याही घरात आजोबांची तलवार, पदक वा संगीन असेल. मुलांना ती जरूर दाखवावी. मात्र तिची धार दाखविण्याआधी तिने केलेल्या जखमेविषयी दोन शब्द बोलावेत, आणि ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही, त्याच्यासाठी सायंप्रार्थनेत क्षणभर थांबावे.