अर्जातला धर्माचा रकाना

केवळ ज्यू स्त्रियांसाठी राखलेली शिष्यवृत्ती न्याय्य आहे का? धर्म पाहून पैसा दिला की गुणवत्ता मागे पडते, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. भारतातल्या ज्यूंच्या बेने इस्राएल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड लंडनला शिकल्या त्या भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर, समाजाच्या निधीवर नव्हे. पण सरकारी दार ठोठावण्याइतपत शिक्षण आधी मिळावं लागतं, आणि मूठभर समाजातल्या मुलीला तिथवर नेणारं सहसा घरचंच कुणी असतं. बाराव्या शतकातल्या ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीसने घेणाऱ्याला स्वतःच्या पायावर उभं करणारं दान श्रेष्ठ मानलं; शिष्यवृत्ती तसंच दान आहे. आणि तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ तर परधर्मीय गरिबांनाही आधार द्यायला सांगतो. १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहताना झिराडबाईंनी सर्वधर्मीय बाळंतिणी सांभाळल्या. तेव्हा अशा शिष्यवृत्तीच्या विश्वस्तांनी धर्माची अट अर्जापुरतीच ठेवावी; शिकलेलीने पुढे कुणाची सेवा करावी, हे तिच्यावर सोडावं.