मुक्याची ठेव

बिऱ्हाड हलविणें ही संसारांतली नित्याची गोष्ट आहे. भांडीं बांधावीं, पुस्तकें पेट्यांत भरावीं, मुलांचीं नांवें नव्या शाळेंत घालावीं आणि शेजाऱ्यांचा निरोप घ्यावा, कीं काम संपलें. परंतु त्या संसारांत एखादी घोडी असली, तर? भांड्यांना नव्या फळीवर बसतांना दुःख होत नाहीं. मुलांना होतें, पण तीं रडून बोलून दाखवितात. घोडीला होतें आणि सांगतां मात्र येत नाहीं. इंग्लंडांत स्थायिक झालेल्या माझ्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबावर असा प्रसंग आला. त्यांच्या घरीं झालेली चर्चा ऐकल्यापासून एक प्रश्न माझ्या मनांत घर करून राहिला आहे. ज्याचा सांभाळ करणें हें आपलें कर्तव्य, त्याला द्रव्य देऊन दुसऱ्याच्या हातीं सोंपविलें, म्हणजे त्या कर्तव्यापैकीं किती भाग आपल्याकडे उरतो?

प्रथम तिकडील व्यवस्था थोडक्यांत सांगितली पाहिजे. इंग्लंडांत घोडा बाळगणाऱ्या पुष्कळ लोकांपाशीं स्वतःचा तबेला किंवा कुरण नसतें. ते आपलें जनावर दुसऱ्याच्या आवारांत ठराविक आकार देऊन ठेवतात. अशा जागेस 'लिव्हरी यार्ड' असें म्हणतात. पूर्ण लिव्हरींत वैरण, चंदी, खरारा, लीद काढणें, कुरणांत सोडणें व परत आणणें हीं सर्व कामें यार्डाचीं माणसें करतात. अर्ध्या लिव्हरींत तीं मालक व यार्ड यांच्यांत वांटलेलीं असतात. आणखी एका प्रकारांत केवळ जागा मिळते; मालकानें सकाळसंध्याकाळ स्वतः येऊन राबावें. चौथ्या प्रकारांत घोडा बाराही महिने कुरणावरच राहतो. 'लिव्हरी' हा शब्द 'हवालीं करणें' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच धातूपासून आलेला आहे. धन्यानें आपल्या चाकरांस जें अन्नवस्त्र व घोड्यांस जी वैरण नेमून द्यावी, तिला पूर्वीं हें नांव होतें. म्हणजे मुळांत तो शब्द धन्यावरील बंधनाचा होता. आज पुष्कळदां तो धन्याच्या मोकळिकीचा होऊन बसला आहे.

हें कुटुंब यॉर्कशायरमधून लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यांत जाणार होतें. घोडी चौदा वर्षांची, आणि तिच्यावर जीव टाकणारी मुलगी सोळा वर्षांची. पाहून पाहून दोन यार्डें मनांत उरलीं. पहिलें नव्या घरापासून बारा मिनिटांवर. विटांच्या स्वच्छ खोल्या, छपराखालीं वाळूचें मोठें रिंगण, रात्रीं दिवे, आणि मालकांस चहा घेत बसण्यासाठीं उबदार दालन. मात्र तेथें प्रत्येक घोडा आपापल्या कुंपणांत एकटा, आणि हिंवाळ्यांत बाहेर सुटे तो तासभर. दुसरें यार्ड चाळीस मिनिटांवर. लांकडी जुने गोठे, फाटकापाशीं गुडघाभर चिखल. पण मागें मोठें कुरण व त्यांत चार घोड्या एकत्र चरत असलेल्या. पहिल्या ठिकाणीं व्यवस्थापकानें आधीं दरपत्रक हातीं दिलें. दुसऱ्या ठिकाणीं चालविणाऱ्या प्रौढ बाईंनीं आधीं प्रश्न विचारले. घोडी सध्यां कोणतें वाळलें गवत खाते? जंतांची तपासणी केव्हां झाली? तिची सोबत कोणाची? ती कशाला बुजते? दुखूं लागलें म्हणजे ती कशी वागते?

मुलीचें मन अर्थातच पहिल्या यार्डावर बसलें. यांत तिचा दोष नाहीं. आपण जागा पाहतों ती आपल्याच डोळ्यांनीं. स्वच्छ फरशी, उजेड, एकांत या माणसाच्या सुखाच्या कल्पना. आणि जनावरावर आपलें प्रेम जितकें अधिक, तितक्या उदारपणें त्या आपण त्याच्यावर लादतों. घोड्याचा देह निराळ्या गरजांसाठीं घडला आहे. त्याचें पोट शरीराच्या मानानें लहान, आणि त्यांत आम्ल सतत स्रवत असतें. म्हणून थोडें थोडें व जवळजवळ दिवसभर चरत राहणें ही त्याची प्रकृति. शरीराच्या वजनाच्या शेंकडा दीड ते दोन इतका कोरडा चारा त्याला रोज लागतो. त्याला ओकतां येत नाहीं. त्यामुळें पोटशूळ उठला, कीं कांहीं तासांत तो प्राणावर बेतूं शकतो. खाणें एकाएकीं बदललें तर हाच धोका वाढतो. शिवाय तो कळपांत राहणारा जीव आहे. निजतांना शेजारीं कोणी जागें असावें, ही त्याच्या जातीची फार प्राचीन संवय. आपण ज्याला ऐसपैस स्वतंत्र जागा म्हणतों, ती त्याला एकांतवासाची कोठडी वाटण्याचा संभव पुष्कळ असतो.

दुसऱ्या यार्डाच्या बाई म्हणाल्या, "पहिले दोनतीन आठवडे मी तिला इतरांपासून वेगळी ठेवीन. स्ट्रँगल्ससारखा सांसर्गिक रोग अंगांत असला, तर तो तेवढ्या अवधींत बहुधा दिसून येतो. पण बाकीच्या घोड्या तिला दिसतील अशा जागीं ठेवीन. आणि येतांना जुन्या गवताचे कांहीं गठ्ठे बरोबर आणा. नवें त्यांत हळूहळू मिसळूं." वडिलांना हें प्रथम रुचलें नाहीं. पैसे पुरे मोजावयाचे आणि घोडी अस्पृश्यासारखी बाजूला! पण आई व्यवसायानें वैद्य. ती म्हणाली, "आपल्या घोडीवर जी संशय घेते, तीच उद्यां येणाऱ्या परक्या घोड्यावरहि घेईल. आपली घोडी सुरक्षित राहणार ती त्या संशयामुळेंच."

येथें मुलीनें जो आक्षेप घेतला, तो मला अगदीं विचार करण्याजोगा वाटतो. ती म्हणाली, "आई, जवळच्या यार्डांत मी रोज जाईन. लांबच्या यार्डांत आठवड्यांतून दोनदां. रोज माझ्या नजरेखालीं राहणें हें तिच्या हिताचें नाहीं का?" या आक्षेपाच्या मागें मोठी परंपरा आहे. ग्रीक ग्रंथकार झेनोफन यानें एक गोष्ट नोंदून ठेविली आहे. इराणच्या राजानें घोड्यांच्या एका जाणत्याला विचारलें, कीं घोडा लवकर कशानें पुष्ट होतो? त्यानें उत्तर दिलें, कीं धन्याच्या नजरेनें. धनी दूर गेला, कीं चाकर सैल पडतो, हा अनुभव सर्व देशांतला आहे.

पण नुसती नजर पुरत नाहीं. तिला ओळख लागते. ॲना स्यूएल या बाईंची 'ब्लॅक ब्यूटी' ही घोड्याच्या मुखानें सांगितलेली कादंबरी १८७७ सालीं निघाली. तींतील एक धनी सज्जन आहे. तो चांगले ओट मागवितो आणि घोड्यावर बसून नियमानें फिरावयास जातो. तरीहि मोतद्दार चंदी चोरतो आणि घोडा खंगत जातो, हें त्याच्या लक्षांत येत नाहीं. लक्षांत येतें तें त्याच्या एका शेतकरी स्नेह्याच्या. त्या धन्याच्या ठायीं ममतेची उणीव नव्हती, ज्ञानाची होती. आणि अज्ञान ममतेच्या वेषांत वावरूं लागलें, म्हणजे तें ओळखूं येणें फार कठीण होतें. इंग्लंडच्या कुरणांत रॅगवर्ट नांवाची पिवळ्या फुलांची वनस्पति उगवते. ती यकृताचा नाश करते. हिरवी असतांना ती कडू लागते, म्हणून घोडे सहसा तिला तोंड लावीत नाहींत. पण गवताबरोबर ती वाळली, म्हणजे कडवटपणा जातो आणि विष तसेंच राहतें. गवताच्या गठ्ठ्याकडे रोज प्रेमानें पाहणाऱ्याला हें ठाऊक नसेल, तर त्या रोजच्या पाहण्याचा उपयोग काय? मुलीच्या आक्षेपाला उत्तर द्यावयाचें तें असें, कीं तुझी रोजची नजर मोलाची खरीच; परंतु तूं नसतांनाच्या बावीस तासांत तिच्यावर कोणाची नजर असेल, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

आतां कायद्याकडे पाहूं. इंग्लंड व वेल्स यांना लागू असलेला प्राणिकल्याणाचा २००६ चा कायदा या बाबतींत स्पष्ट आहे. तात्पुरता सांभाळ करणाराहि जबाबदार धरला जातो. पण मालक हा सर्वकाळ जबाबदारच समजला जातो. योग्य जागा, योग्य आहार, स्वभावानुसार वागण्याची मोकळीक, सजातीयांची सोबत किंवा आवश्यक तेथें त्यांच्यापासून विलगता, आणि वेदना व रोग यांपासून रक्षण, अशा पांच गरजा तो सांगतो. याउलट यार्डांची स्थिति पहा. इंग्लंडांत घोडे भाड्यानें देणाऱ्यांना २०१८ च्या नियमांनीं परवाना आवश्यक केला. पण नुसते दुसऱ्याचे घोडे ठेवून घेणाऱ्या यार्डावर त्या नियमांनीं तसें बंधन घातलें नाहीं. १९४७ सालीं स्थापन झालेली ब्रिटिश हॉर्स सोसायटी यार्डें तपासून मान्यता देते, परंतु ती मान्यता मागणें हें यार्डाच्या इच्छेवर आहे. सारांश, निवडीचा भार शेवटीं मालकावरच येऊन पडतो.

आपल्याकडील एक दाखला येथें सहज आठवतो. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्करास शिवाजीमहाराजांनीं धाडलेलें पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीपाल्याला हात लावूं नये, या आज्ञेसाठीं तें बहुधा सांगितलें जातें. पण त्याच पत्रांत घोड्यांचाहि विचार आहे. सांठविलेला दाणा व वैरण आज बेपर्वाईनें उधळाल, तर पावसाळ्यांत घोडीं उपाशी मरतील, आणि तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल, असा त्याचा आशय आहे. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. हातीं शस्त्र घेऊन मारणें आणि आधीं विचार न केल्यामुळें मरूं देणें यांतलें अंतर आपण सोयीसाठीं फार मोठें मानतों. ज्या जिवाला स्वतःचा दाणा स्वतः मिळवितां येत नाहीं, त्याच्या बाबतींत तें अंतर जवळजवळ नाहींसेंच होतें.

निवड या शब्दाचीहि एक मौज आहे. केंब्रिज येथें टॉमस हॉब्सन नांवाचा घोडे भाड्यानें देणारा एक गृहस्थ होता. तो १६३१ सालीं वारला. त्याचा नियम असा सांगतात, कीं गिऱ्हाइकानें दाराजवळचा घोडा घ्यावा, नाहींतर चालतें व्हावें. यावरून, नांवाला निवड पण प्रत्यक्षांत निवड नाहीं, अशा अर्थाची म्हण इंग्रजींत रूढ झाली. म्हण केली ती गिऱ्हाइकांनीं. घोड्यांना बोलतां आलें असतें, तर तीच म्हण न्यायाच्या अर्थानें चालली असती. कारण त्या नियमामुळें चांगल्या घोड्यावर रोज बोजा न पडतां प्रत्येकाला आपापल्या पाळीची विश्रांति मिळे. आपल्या निवडीचें स्वातंत्र्य जेथें थोडें आंखडतें, तेथेंच कधीं कधीं मुक्या जिवाचें हित सुरू होतें.

दुसऱ्या यार्डांतील बाईंचा शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यांना गप्प करणारा होता. त्या म्हणाल्या, "समजा, मध्यरात्रीं तिला पोटशूळ उठला, तुमच्याकडे कोणीच फोन उचलला नाहीं, आणि पशुवैद्य म्हणाले कीं आतां हिची सुटका करणें हीच दया, तर मीं कोणाच्या शब्दावर चालावें?" आईनें वडिलांकडे पाहिलें. मुलगी कुंपणापाशीं जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानें तीच परत येऊन म्हणाली, "माझ्यासाठीं थांबूं नका. तिला वेदनांत ठेवूं नका. हें मी लिहून देतें."

माझ्या प्रश्नाचें उत्तर मला त्या वाक्यांत सांपडलें. श्रम सोंपवितां येतात. लीद दुसऱ्यानें काढली, पाणी दुसऱ्यानें भरलें, म्हणून प्रेम उणें होत नाहीं. प्रसंग पडल्यास निर्णय अमलांत आणण्याचा अधिकारहि सोंपवितां येतो. सोंपवितां येत नाहीं तो विचार. त्या जिवाला काय हवें, आपण नसतांना काय घडूं शकेल, आणि आपल्याला न सोसणारी गोष्टहि त्याच्या हितासाठीं केव्हां करावी लागेल, हें आधीं मनाशीं ठरविणें हें मालकाचेंच काम. तें टाळून जो केवळ महिन्याची रक्कम भरतो, त्यानें घोडा सोंपविला नाहीं, टाकला.

मग ज्यांची ऐपत बेताची, त्यांनीं काय करावें, असें कोणी विचारील. त्यांना एवढेंच सांगतां येईल, कीं वर सांगितलेल्या गरजांपैकीं पुष्कळ गरजा विटांच्या इमारतीनें भागत नाहींत. सोबत, चारा, मोकळी जागा आणि जाणती नजर हीं साध्या कुरणावरहि मिळतात. आणि तेवढेंहि देतां येणार नाहीं असें दिसलें, तर घोडी आपल्याबरोबर न नेतां तिच्या जुन्या सोबतिणींत, चांगल्या हातीं ठेवून जाणें हाहि एक मार्ग आहे. तो मार्ग पत्करणाऱ्याचें प्रेम कमी, असें मी म्हणणार नाहीं.

त्या कुटुंबानें लांबचें यार्ड पत्करलें. त्याची किंमत मुलीला मोजावी लागली. पहिल्या हिंवाळ्यांत परीक्षांमुळें कित्येक आठवडे तिला एकदांच जातां आलें, आणि घोडी आपल्याला विसरली कीं काय, या शंकेनें ती रडलीहि. ही शंका कायमची फिटेल असें मला वाटत नाहीं. एके रविवारीं ती फाटकापाशीं गेली, तेव्हां घोडी इतर चौघींबरोबर दूर कुरणांत उभी होती. तिनें मान वर करून पाहिलें आणि पुन्हां चरूं लागली. मुलीला क्षणभर वाईट वाटलें. आई म्हणाली, "ती निर्धास्त आहे." आणि त्या दोघी ती चरून येईपर्यंत चिखलांत वाट पाहत उभ्या राहिल्या.