सुरक्षेचा हिशेब

निवडणूक आली की मंचर-नारायणगावात एक वाद हमखास पेटतो : देश कोणत्या पक्षाच्या हाती सुरक्षित? एक जण बालाकोटचं नाव घेतो, दुसरा 1971 काढतो, तिसरा 26/11 ची आठवण करून देतो. आवाज चढतात, निकाल लागत नाही. तो लागणारही नाही, कारण सुरक्षा पक्षाच्या नावावरून तोलता येत नाही. तोलायचीच असेल तर कसोटी वेगळी हवी : घात झाला तेव्हा सरकारने देशाला हिशेब दिला का, आणि त्यातून पुढे काय उभं केलं?

आपल्याच शिरूर मतदारसंघाकडे पाहा. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामात सीआरपीएफचे 40 जवान गेले, 26 फेब्रुवारीला हवाई दलाने बालाकोटवर हल्ला केला आणि 29 एप्रिलला इथे मतदान झालं. देशात भाजपने 303 जागा जिंकल्या. इथे मात्र सलग तीनदा खासदार झालेले आंबेगावचे शिवाजीराव आढळराव पाटील युतीकडून लढून हरले आणि जुन्नरचे डॉ. अमोल कोल्हे राष्ट्रवादीकडून जिंकले. म्हणून शिवनेरीच्या पायथ्याच्या माणसाला जवानाची कदर नाही, असं कोणी म्हणेल का?

2024 मध्ये हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा आढळराव अजित पवारांच्या राष्ट्रवादीत होते. आंबेगावचे दिलीप वळसे पाटील 2022 पर्यंत महाविकास आघाडीचे गृहमंत्री होते, 2023 मध्ये ते भाजपसोबतच्या सरकारात मंत्री झाले. माणसं तीच, कुवतही तीच, फक्त बाजू बदलली. अशा काळात पक्षाच्या चिन्हावरून सुरक्षेची हमी कशी मिळणार?

इतिहासात दोन्ही बाजूंच्या नावे जमा आहे, तसं येणंही आहे. 1962 मध्ये युद्ध चालू असतानाच संसद भरली. तरुण अटलबिहारी वाजपेयींनी तशी मागणी केली होती आणि नेहरूंनी ती मानली. कृष्ण मेनन यांना संरक्षण खातं सोडावं लागलं, यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि सैन्याच्या फेरउभारणीला लागले. 1999 मध्ये कारगिल संपताच वाजपेयी सरकारने के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली आणि तिचा अहवाल, काही भाग वगळून, संसदेपुढे ठेवला. 26/11 नंतर केंद्रात शिवराज पाटील, राज्यात विलासराव देशमुख आणि आर. आर. पाटील पायउतार झाले. 2008 च्याच डिसेंबरात एनआयए या राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. पुढच्या सरकारांनी ती यंत्रणा मोडली नाही, वापरली.

आंबेगाव तालुक्यातलंच उदाहरण माळीणचं. 30 जुलै 2014 रोजी सकाळी डोंगर गावावर आला आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. ढिगारा उपसायला धावलेल्या एनडीआरएफचा पाया 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने घातला होता. कायदा मनमोहन सिंग यांच्या काळातला, माळीणला जवान आले ते मोदींच्या काळात. संरक्षणाची व्यवस्था अशीच एकाने उभारायची आणि दुसऱ्याने चालवायची असते.

आता येणं बघू. 1962 च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल काँग्रेसने दडवला आणि भाजपनेही अधिकृतपणे खुला केला नाही. कारगिलनंतर, 2001 मध्येच, तिन्ही दलांसाठी एक प्रमुख नेमण्याची शिफारस झाली होती. काँग्रेस आघाडीने दहा वर्षांत तो नेमला नाही. मोदी सरकारने तो नेमला, हे श्रेय त्यांचंच. पण गलवानमध्ये 20 जवान गेल्यावर सप्टेंबर 2020 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी लोकसभेत निवेदन केलं आणि त्यावर प्रश्न विचारू दिले गेले नाहीत. 13 डिसेंबर 2023 रोजी दोन तरुण लोकसभेच्या सभागृहात उड्या मारून शिरले. गृहमंत्र्यांनी निवेदन करावं, असा आग्रह विरोधकांनी धरला. त्या गदारोळात शंभराहून अधिक खासदार निलंबित झाले आणि त्यांत आपले कोल्हेही होते. गदारोळ घालणं चूकच, पण संसदेच्या सुरक्षेवर संसदेतच निवेदन मागणं हा खासदाराचा हक्क आहे.

सरकारला सगळं उघड करता येत नाही, हे मला मान्य आहे. सैन्य कुठे हलणार, खबरी कोण, हे कोणी विचारूही नये. पण धोक्याची सूचना मिळाली होती का, मिळाली असेल तर ती कुठे अडली, जबाबदार कोण, हे विचारल्याने शत्रूचा फायदा होत नाही. न विचारल्याने मात्र तीच चूक पुन्हा होते. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर सरकारने सर्वपक्षीय शिष्टमंडळं परदेशी धाडली. एकाचं नेतृत्व विरोधी बाकावरच्या सुप्रिया सुळे यांच्याकडे होतं, दुसऱ्याचं सत्ताधारी बाजूच्या श्रीकांत शिंदे यांच्याकडे. जुलै 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरवर लोकसभेत चर्चाही झाली. देशाची बाजू मांडायला विरोधक चालतो, तर देशाच्या वतीने प्रश्न विचारायलाही तो चालला पाहिजे.

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या मतदारांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला आणि देशाच्या सुरक्षेवर मत मागू लागला, तर त्याला विचारा : तुमच्या पक्षाच्या काळात झालेल्या कोणत्या चुकीचा हिशेब तुम्ही दिला? ज्याच्याकडे उत्तर असेल, त्याचाच विचार करा.