मुळाशी पोचू दे

दयाघना, स्वतःला पुन्हा घडवण्याची शक्ती आमच्या देहात तूच पेरलीस. काही मोजक्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, अशा घडवल्यास की त्या स्वतःसारखी दुसरी पेशी जन्माला घालतात आणि बाकीचा सगळा गोतावळाही उभा करतात. त्यांच्याच बळावर गर्भारपणी स्तनातल्या दूधग्रंथी भरून येतात, आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. तुझे उपकार कसे फेडावेत! पण हेच बळ कॅन्सरच्या हाती लागतं तेव्हा तुझ्यावाचून कुणाकडे धाव घ्यावी?

२००३ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मायकेल क्लार्क, मॅक्स विचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी निवडून वेगळ्या केल्या. एका प्रकारच्या जेमतेम १०० पेशी उंदराच्या अंगात सोडल्या, तरी नवी गाठ धरली; त्याच कॅन्सरच्या मूळ पेशी. बाकीच्या हजारो सोडूनही काही उगवलं नाही. ही दृष्टी तूच दिलीस, असं मी मानते. त्या मुक्या उंदरांचीही तुझ्या दारी नोंद असू दे.

आमची केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते. या मूळ पेशी मात्र पुष्कळदा निजून राहतात, आत शिरलेलं औषध बाहेर उपसतात, तुटलेला डीएनए सांधून घेतात. गाठ विरघळते, रिपोर्ट चांगला येतो. समोरची बाई डोक्यावरचा रुमाल सारखा करत विचारते, "डॉक्टर, आता सगळं गेलं ना?" तेव्हा माझ्या तोंडून खोटं निघू देऊ नकोस, आणि तिचा धीर खचेल असंही काही निघू देऊ नकोस. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर २० वर्षांनीही उलटू शकतो. ती सगळी वर्षं तिला धास्तीत काढायला लावू नकोस.

माझं खरं मागणं पुढेच आहे. कॅन्सरच्या या मूळ पेशी नॉच नावाच्या ज्या संदेशावर जगतात, त्याच्यावरच आमची निरोगी आतडीही जगतात. तो संदेश अडवणारी औषधं दिली, तर जुलाबांनी रुग्ण बेजार झाले. २००९ साली सुमारे १६,००० रसायनं चाळून या पेशींना मारणारं सॅलिनोमायसिन हाती आलं, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते. माणसाला ते फार जहाल. शिवाय गाठीतली साधी पेशीही पुन्हा मूळ पेशी होऊ शकते, म्हणजे एका घावात काम संपत नाही. देवा, तुझी पेशी कोणती आणि बिघडलेली कोणती, हे ओळखणारं औषध आमच्या हातून घडू दे. घाईने आशा विकायची बुद्धी कुणाला होऊ देऊ नकोस.

आणि ज्या बाया नव्या औषधाच्या चाचणीत स्वतःहून येतात, आपल्याला नाही तर पुढचीला तरी उपयोग होईल म्हणत संमतीपत्रावर सही करतात, त्यांनाही त्यांच्या हयातीत गुण येऊ दे.